आधी कुठे उभा आहेस ते बघ

सकाळी शायाने ऑफिसात कॉम्प्युटर उघडला आणि 'आवाज' नावाचा फोल्डर रिकामा दिसला. बंद करून परत उघडला. रिकामाच. मग ती उठली, चहा केला, त्यात चार चमचे साखर घातली आणि प्यायची विसरली. रडू वगैरे काही आलं नाही. कानांत दडे बसल्यासारखं झालं होतं, एवढंच.

त्या फोल्डरमध्ये दोनशे बारा बायका बोलत होत्या. इजिप्तमधल्या मोठ्या धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या नुबियन गावांतल्या. साबरीकाकांनी अर्धं आयुष्य अस्वानभर हिंडून त्यांना कॅसेटवर टिपलं होतं. कॅसेटी इतक्या जुन्या, की कॉम्प्युटरवर उतरवताना त्या एका फेरीतच झडून गेल्या. दुसरी प्रत होती म्हणा. पण ती रोज आपोआप पहिलीसारखी व्हायची. पहिली रिकामी झाली, तशी तीही इमानेइतबारे रिकामी झाली.

फायली आवरायचं काम एआय एजंटकडे होतं. त्याला साध्या भाषेत काम सांगायचं, कॉम्प्युटरला हुकूम तो स्वतः देतो. हुकूम चालवायचं साधन त्याच्या हाती देताना ते कसं चालतं हेही लिहून द्यावं लागतं, आणि लिहिलंय तेवढंच त्याला ठाऊक. ते शायाने लिहिलं होतं. काल एजंटने एका हुकुमाने 'आवाज'मधला 'कच्चं' नावाचा टाकाऊ तुकड्यांचा फोल्डर गाठला आणि दुसऱ्या हुकुमाने 'इथलं' सगळं पुसलं. पण या साधनात प्रत्येक हुकूम नव्याने 'आवाज'पासूनच सुरू होतो. मागच्या हुकुमात कुठे गेला होतात, ते त्याच्या गावीही नसतं. म्हणून 'इथलं' म्हणजे 'आवाज'मधलंच सगळं गेलं. ऑफिसात हे शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणूनच तर शायाने मसुद्यातली हे सांगणारी ओळ खोडली होती. इतकं काय सांगायचं!

"अहवालात लिही, एजंट चुकला," ऑफिसचा प्रमुख मुनीर म्हणाला.

"तो नाही चुकला."

"अगं बाई, त्याला काय बायकापोरं आहेत? त्याला वाईट वाटणारे का? ढकल त्याच्यावर आणि मोकळी हो!"

शायाने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही.

दुपारच्या नमाजानंतर साबरीकाका आले. रोजच यायचे, बायकोला ऐकायला. हानिमला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्या आवाजांत तिची चार मिनिटं होती, त्यात अर्ध्या शिव्याच. 'बंद कर ते मशीन, मेल्या, भाकर करपतेय माझी!'

"लाव पोरी," काका खुर्ची ओढत म्हणाले. "आज सकाळपासून कुणी शिवी दिली नाही मला."

"काका, गेलं ते. सगळंच गेलं."

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे. "यानं खाल्लं?"

मागून मुनीर जोरजोरात मान डोलवत होता. हो म्हणणं किती सोपं होतं!

"नाही. त्याला एक ओळ सांगायची राहिली. मी लिहिली होती, काका. मीच खोडली. वाटलं, एवढं कळत असेल त्याला."

काकांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. ते त्याचा काठ चिवडत बसले.

"आमची हानिमही मला हेच म्हणायची, एवढंही कळत नाही का. नव्हतं कळत, बाई! सांगितलं असतंस तर कळलं असतं." मग नाक पुसून म्हणाले, "लिही आता."

शायाने लिहिलं. प्रत्येक हुकूम 'आवाज'पासून सुरू होतो. मागचा लक्षात राहत नाही. पुसायच्या आधी कुठे उभा आहेस ते बघ. काय पुसणार आहेस ते दाखव, होकार मिळाल्याशिवाय पुसू नकोस.

"आणि म्हणावं, कळलं नाही तर विचार. लाजू नकोस," काका म्हणाले.

तेही तिने घातलं. मग आता त्याला कळतं का ते बघायला एजंटला कालचंच काम पुन्हा सांगितलं. बोटं आपली आपण चालत होती. उत्तर आलं. तिने ते मोठ्याने वाचलं.

"मी 'आवाज'मध्ये उभा आहे. इथे काहीच नाही. कळत नाही म्हणून विचारतो, इथे आधी काही होतं का?"

काकांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

"विचारतोय ना तो," ते म्हणाले. "सांग की त्याला."

शायाने 'होतं' एवढंच टाइप केलं. मग कीबोर्ड काकांकडे सरकवला.