रत्नम्माची धाप

पन्नाशीला टेकलेल्या डॉक्टरांना रविवारी सकाळी बाकावर बसवून शिकवायचं म्हणजे काय असतं, ते शिकवणाऱ्यालाच विचारावं. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर सोलापुरात आम्हा खाजगी दवाखानेवाल्यांसाठी कुटुंबवैद्यकाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला आणि मी हौसेनं नाव घातलं. वर्गात बाई मी एकटीच. बाकीचे व्यवसायबंधू मागच्या बाकांवर डुलक्या काढायचे. पुण्याहून शिकवायला येणारे प्राध्यापक पहिल्याच दिवशी म्हणाले, तुम्ही आजवर रोग पाहिलेत, घर पाहिलं नाहीत. आपल्या रोग्यांपैकी एक घर निवडा, कुणी आजारी नसलं तरी तिथं जात राहा, आणि परीक्षेत त्या घरावर बोला. मला रागच आला. भर उन्हात पेठापेठांतून बॅग घेऊन हिंडलेली बाई मी, मला हे गृहस्थ घर दाखवणार होते.

पण नाव घातलं होतं, तेव्हा घर निवडणं आलं. मी महादेवप्पांचं निवडलं. मंगळवार पेठेत त्यांची भुसार मालाची आडत होती. त्यांच्या आई बसम्मा मधुमेहासाठी कितीतरी वर्षं माझ्याकडे येत. शिवाय त्या घरी रत्नम्मा होऊन गेली होती. ती महादेवप्पांची पहिली बायको. लहानपणी सांधे सुजून ताप आला की कधीकधी हृदयाची झडप आवळत जाते, रक्त फुफ्फुसात तुंबतं आणि माणसाला धाप लागते. रत्नम्माला तेच होतं. तिला दिवस गेले तेव्हा मी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, बाळंतपण इथंच, मोठ्या दवाखान्यात करा. पण पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. तिला अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यात नेलं आणि ती आणि मूल दोघंही तिथंच गेली. मला कळलं ते सगळं आटोपल्यावर. त्या मुलीवर माझा जीव होता, आणि त्या लोकांवरचा माझा राग कधीच पुरता गेला नाही.

वर्ष सरल्यावर रत्नम्माची धाकटी बहीण दाक्षायणी त्याच घरात दिली. तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा एक छोटा टाक होता, थोरलीच्या नावाचा. दुसरेपणावर आलेल्या बाईनं तो घालायचा असतो, आणि नवं लुगडं आधी त्या टाकाला लावून मग नेसायचं असतं. ती पोर घरात सावलीसारखी वावरायची. बसम्मा तिला कधी नावानं हाक मारत नसत. 'ए' म्हणत, नाहीतर भांडं आपटून बोलावत.

पहिल्या काही खेपांना मी माजघरात बसून कॉफी प्यायले आणि कंटाळून परत आले. मग एका दुपारी कप हातात असतानाच आतल्या खोलीतून धाप ऐकू आली. दोन आखूड श्वास, मग एक लांब, शेवटी बारीकशी शीळ. डॉक्टरचा कान आपल्या रोग्याची धाप विसरत नाही. ती रत्नम्माची धाप होती. माझी कॉफी बशीत सांडली.

बसम्मांचा चेहरा मात्र उजळला. "रत्ना आली," असं म्हणून त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि लगबगीनं आत गेल्या.

आत दाक्षायणी वळकटीला रेलून बसली होती, हात गुडघ्यांवर, मान पुढे, थेट रत्नम्मा बसायची तशी. बसम्मा तिच्या केसांवरून हात फिरवत होत्या, लोणच्यात मीठ कमी पडलं का म्हणून विचारत होत्या, आणि ती धापांच्या मधून उत्तरं देत होती. आवाजही थोरलीचा. दुकानातून आलेले महादेवप्पा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि उपरण्यानं डोळे पुसत राहिले. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, मालतीअक्का, बसा की. मला मालतीअक्का फक्त रत्नम्मा म्हणायची, आणि तीही दवाखान्यात आम्ही दोघीच असताना. मी बसले.

धाप ओसरल्यावर मी बसम्मांना फैलावर घेतलं. किती दिवस हे चाललंय, मला का नाही बोलावलं?

"तुमाला कशाला?" बसम्मा खरोखर नवल करीत म्हणाल्या. "आजार असता तर बोलावलं असतं की. ही तर रत्ना हाय. धाप तिचीच हाय, तुमाला वळखू आली न्हाय व्हय?"

ओळखू आली होती, तीच तर अडचण होती. साऱ्या घरानं धाप अचूक ओळखली होती, म्हणूनच कुणाला तो आजार वाटला नव्हता. मी दाक्षायणीच्या छातीला नळी लावली. टाक मध्ये येत होता, तो बाजूला करताना बसम्मांनी तोंड वाकडं केलं. आत तीच आवळलेली झडप घरघरत होती. दोघी बहिणी एका घरात, एका वाकळेखाली वाढलेल्या. दोघींनाही लहानपणी सांधे सुजून ताप आलेला. आणि दाक्षायणीलाही आता दिवस गेले होते. भूत वगैरे काही नाही, झडप आहे, असं मी घरी जाताना वाटभर स्वतःला बजावत होते. मालतीअक्का या हाकेचं काय करायचं, ते मात्र मला सुचलं नाही.

मी गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं, विश्रांती सांगितली. पुढच्या खेपेला धाप होतीच. त्याच्या पुढच्या खेपेला पाय सुजले होते. गोळ्या घेते का विचारलं, तर पोरीनं सासूकडे पाहिलं. बसम्मा पाणी आणायला उठल्या तेव्हा कुठं ती बोलली.

"गोळी घेतली की अक्का येत न्हाय. सासूबाई म्हन्तात, ऱ्हाऊ दे गोळी." मग पदराचा काठ चुरगाळत म्हणाली, "अक्का आली म्हंजेच त्या माज्या केसावरनं हात फिरवतात, बाई."

मला तिथंच रडू फुटलं असतं. रविवारी वर्गात मी हे सांगितलं, तर मागचा बाक हसला. एकजण म्हणाला, बाई, मांत्रिक बोलवा. प्राध्यापक हसले नाहीत. त्या घरात आजारी कोण आहे ते आधी ठरवा, आणि गोळी कुणाच्या हातून जायला हवी ते बघा, एवढंच ते म्हणाले. मला त्यांचा पुन्हा राग आला, कारण या वेळी ते बरोबर होते.

दुसऱ्याच दिवशी दुपारी महादेवप्पा स्वतःच दवाखान्यात धावत आले. मी पोचले तेव्हा दाक्षायणीचे ओठ निळे पडले होते, तोंडाला लालसर फेस होता. मी इंजेक्शन दिलं आणि महादेवप्पांना मोटार आणायला पिटाळलं. तिला मोठ्या दवाखान्यात नेणं भाग होतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत दोन जीव गेले असते. पण ती वळकटी सोडीना. मी हात धरला, तर तिनं हिसडा मारला. ते बळ त्या एवढ्याशा पोरीचं नव्हतं.

मग मी जे केलं ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "रत्नम्मा, मी मालतीअक्का. हिला माझ्याबरोबर येऊ दे."

"न्हाय," रत्नम्मा म्हणाली. "मला तितं एकटीला करमत न्हाय. हिला घिऊन जाते मी."

माझ्या बॅगेत याच्यावर काही नव्हतं. मी बसम्मांकडे पाहिलं. केसांवरून फिरणारा त्यांचा हात थांबला होता. बाहेर मोटार येऊन थांबली, महादेवप्पा हाका मारायला लागले, तरी त्या तशाच बसून होत्या. मला वाटलं, ही म्हातारी आता मेलेल्या सुनेच्याच बाजूनं उभी राहणार.

शेवटी त्यांनी ते निळं पडलेलं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं.

"रत्ना, तू माजी लई लाडाची. पर तू मेलीस गं. आता हितं येऊ नगंस. हिला न्हेऊ नगंस." मग त्यांनी ते तोंड जवळ ओढलं. "दाक्षायणी. ए दाक्षायणी. ऊठ बाय, गाडी आली."

त्या घरात ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. पोरीनं डोळे उघडले, सासूकडे नवख्यासारखं पाहिलं आणि तिच्या गळ्यात हात टाकले. आम्ही तिला तशीच उचलून मोटारीत घातली.

बाळंतपण होईपर्यंत तिला दवाखान्यातच ठेवलं. सकाळ-संध्याकाळ गोळी बसम्माच आपल्या हातानं भरवायच्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप घरी आल्या. माझी परीक्षा झाली. त्या घराबद्दल मी झडपेचं बोलले, मिठाचं बोलले, सासूनं औषधाची जबाबदारी घेतल्याचंही बोलले. बाकीचं बोलण्यासारखं नव्हतं. पास झाले, भिंतीवर प्रमाणपत्र लागलं. तरी मी त्या घरी जात राहिले, आणि कशासाठी जाते हे मला कुणी विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं.

एका दुपारी गेले तर बसम्मा आतल्या खोलीच्या दाराशी, भिंतीला कान लावून बसल्या होत्या. मांडीवर नात झोपली होती. मला पाहून त्या कानकोंड्या झाल्या.

"हिची धाप आता पुरती गेली न्हवं, बाई?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, गोळ्या चालू आहेत तोवर काळजी नको, आता यायची नाही.

त्यांनी मान हलवली. नातीचं दुपटं सारखं करत म्हणाल्या, "रत्ना माहेरी मेली तवा मी तितं न्हवते. तिचं तोंड बी बघाय मिळालं न्हाय. ह्या खेपेला ती माज्या हातातनं गेली, आन् मीच जा म्हनलं."

मी त्यांच्याशेजारी भिंतीला टेकून बसले. आत दाक्षायणी गाढ झोपली होती. आम्ही दोघी किती तरी वेळ कान देऊन बसलो, पण आतून काहीच ऐकू आलं नाही.