चौदा मजले किराणा कोण चढवतं?

मित्रांनो, मी एक जुना परीक्षेचा पॅड आहे. पेपर अडकवायचा, वर चिमटा असलेला. माझा जन्म लाकडाच्या भुशातून झाला. चिमटा मात्र लोखंडी घराण्यातला, म्हणून तो जरा ताठ वागतो.

मला महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या दुकानातून मधुकररावांनी आणलं. ते मराठीचे मास्तर. एकतीस वर्षं त्यांनी माझ्यावर उत्तरपत्रिका तपासल्या. संदर्भासहित स्पष्टीकरणात कुणी 'येथे आईची माया दिसते' असं लिहिलं, की ते पूर्ण गुण देत. कविता बैलावर असली तरी देत.

ते निवृत्त झाले आणि मी तांदळाच्या डब्याचं झाकण झालो. अकरा वर्षं. आत एकही उंदीर गेला नाही. पण माझं कौतुक कुणी केलं नाही. उंदरांनीही नाही.

यंदा त्यांच्या नातीनं, उन्नतीनं, मला खाली उतरवलं. तिला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये लंडनच्या एका रॅपरचं गाणं म्हणायचं होतं. ग्राइम म्हणतात त्याला. शब्द इतके भरधाव, की श्वास मागून चालत येतो. पण गॅदरिंगचे कार्यक्रम निवडणारे चंद्रभान सर म्हणाले होते, "उद्यापर्यंत मराठीत अर्थ लिहून आणा. नाही तर नाव कट."

गाण्यात तर नुसत्या बढाया. उन्नती रडकुंडीला आली.

"काहून रडून राहिली वं? सांग अर्थ," मधुकररावांनी माझ्यावर कोरा कागद अडकवला.

"चौदा मजले, लिफ्ट बंद, तरी मीच सगळ्यांच्या वर."

त्यांनी शांतपणे लिहिलं : येथे आईची माया दिसते.

"आबा! तो शायनिंग मारून राहिला!"

"मारू दे ना. चौदा मजले किराना कोन चढवते?"

उन्नती थांबली. "आई चढवत असंन."

"पुढं."

"माझे पांढरेशुभ्र बूट पाहून तुमच्या तोंडाचा रंग उडाला."

"धुते कोन?"

"आबा, तुमचं काही खरं नाही!" असं म्हणत ती हसली आणि शेवटची ओळ सांगू लागली. "मी केव्हाही घरी जातो, मला कोण विचारणार? ताट झाकलेलंच असतं."

या वेळी आबांनी ओट्याकडे पाहिलं. तिथं उन्नतीचं ताट झाकलेलं होतं. पहाटे कोराडीच्या बसनं ड्यूटीला जाण्याआधी तिची आई ते रोज झाकून ठेवी.

"लिहा, आबा," उन्नती हळूच म्हणाली.

चंद्रभान सरांनी कागद दोनदा वाचला. परवानगी द्यायचं विसरून खाली 'पाचपैकी पाच' लिहिलं.

गॅदरिंगला उन्नती मला घेऊन स्टेजवर गेली. आधी अर्थ वाचला, मग गाणं म्हटलं. टाळ्या पडल्या. बेचाळीस वर्षांत मी टाळ्या पहिल्यांदाच ऐकल्या. बसमधून थेट आलेली तिची आई डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बाहेर भेटल्यावर म्हणाली, "गाणं लय फास्ट होतं वं, मले काही समजलं नाही. तू जेवली का?"

दुसऱ्या दिवशी आई ड्यूटीवरून आली, तेव्हा ओट्यावर तिचं ताट वाढलेलं होतं. उन्नतीला झाकायला ताटली सापडली नव्हती, म्हणून तिनं मला ठेवलं होतं. आईनं मला अलगद उचललं आणि ती जेवायला बसली. मित्रांनो, इतक्या मानाचं झाकण मी कधीच नव्हतो. मी या घराचा आभारी आहे, आणि त्या लंडनवाल्याचाही.

तुमच्याही घरी कुठल्याशा डब्यावर माझा एखादा भाऊ असेल. त्याला उतरवा, ओलं फडकं फिरवा. आणि फडकं कोण धुतं, तेवढं विचारा.