झोप्याला मी जागं केलं

मी एक पिस्तूल बोलतोय. दचकू नका. माझ्या नळीतून आजवर एकही गोळी सुटलेली नाही, कारखान्यातच नळी शिशाने बुजवून टाकली होती. पोकळ काडतूस घालायचं, चाप ओढायचा, की नुसता धूर आणि आवाज. मी धावण्याच्या शर्यती सुरू करायचो. गरजेल तो पडेल काय म्हणतात ना, त्यातली माझी जात.

क्रीडा मंडळाने मला विकत घेतलं आणि मास्तरांच्या हाती दिलं. मास्तर शाळेत कवायत शिकवायचे आणि संध्याकाळी मंडळात धावपटू तयार करायचे. तोंडाने फटकळ, पण मला रोज तेलाच्या फडक्याने पुसायचे. त्यांची लेक म्हणायची, "बाबा, माझं एवढं कौतुक कधी केलं नाहीत."

"ते सांगितल्यावरच आवाज करतं," मास्तर म्हणायचे.

मंडळात एक तरणाबांड सुतार यायचा. एकदा सुटला की त्याला गाठायची कुणाची टाप नव्हती, पण सुटायचीच पंचाईत. मी वाजलो की बाकीचे निघायचे आणि हा मनाशी खात्री करून घ्यायचा, खरंच वाजलं का. सगळे त्याला झोप्या म्हणायचे. तीन वर्षं तो प्रत्येक शर्यतीत दुसरा आला.

मास्तरांनी त्यावर एक उपाय काढला. "डोक्याला विचारायचंच नाही. कानाने ऐकायचं, पायाने निघायचं. मधे कुणी नको."

तेव्हापासून ते मला केव्हाही, कुठेही वाजवू लागले. झोप्या रंधा मारतोय, मागून मी. झोप्या दाढी करतोय, खिडकीतून मी. लेकीशी लग्नाची बोलणी करायला तो घरी आला, तेव्हा मास्तरांनी दाराआडून बार काढला. पठ्ठ्या हातातल्या कपासकट उठला आणि रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन थांबला. लेक हसून हसून बेजार. "याच्याशी संसार करायचा म्हणजे मलाही पळायला शिकावं लागणार," ती म्हणाली.

त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं आणि त्याच वर्षी त्याने शंभर मीटरमध्ये देशाचं सुवर्णपदक मारलं. माझा धूर वर चढेपर्यंत तो दोन पावलं पुढे होता. मला कॉलर असती तर मी ती ताठ केली असती.

पुढच्या वर्षी युद्ध सुरू झालं. मंडळातला पैलवान गेला, फुटबॉलचा गोलरक्षक गेला, पोहणारे दोघे सख्खे भाऊ गेले. काल ज्यांच्या सह्या घ्यायला गर्दी व्हायची, ते आज रांगेत उभे राहून गणवेशाचं माप देत होते. झोप्याही गेला.

दोन महिन्यांनी त्याचं मास्तरांना पत्र आलं. "इथला पहिला धडा असा, की बार झाला की जमिनीला चिकटायचं. सगळ्यांना जमलं. मी मात्र बार झाला की चार पावलं पुढे. साहेब शिव्या घालतात, सोबती हसतात. तुमची शिकवण विसरायचा प्रयत्न करू का? तुम्ही सांगाल तसं."

मास्तरांनी ते पत्र मंडळात मोठ्याने वाचून दाखवलं. "बघा! सरकारलासुद्धा पुसता येईना!" सगळे खो खो हसले. मीही मनातून फुगलो, खोटं कशाला बोलू? मास्तरांनी उत्तर लिहिलं, "अंगात मुरलंय ते घालवू नकोस. परत आल्यावर विक्रम मोडायचाय." शाई वाळेपर्यंत कागद उडू नये म्हणून त्यांनी त्याच्यावर मला ठेवलं होतं.

चार महिन्यांनी तार आली.

त्यानंतर एक दिवस त्याच्या तुकडीतला आचारी कुबडी टेकत भेटायला आला. लेक तेव्हा माहेरीच होती. मास्तर मला पुसत बसले होते. आचारी अगदी जीव ओतून सांगत होता, "शेत ओलांडत होतो, वहिनी. पहिला बार झाला, आम्ही सगळे पालथे. हा एकटाच सुसाट पुढे, थेट त्यांच्या तोंडावर! असा शूर गडी मी नाही बघितला."

मास्तरांचा हात माझ्यावर होता तिथेच थांबला. 

झोप्याला मरणोत्तर शौर्यपदक मिळालं. भाषणं झाली, मास्तर पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले. घरी जेवताना ते लेकीला म्हणायचे, "अगं, ऐक..." ती वर बघायची. मग ते म्हणायचे, "मीठ कमी आहे." ती उठून मीठ आणायची. अशी चार वर्षं गेली.

शेवटी एका दुपारी ती वाटाणे सोलत बसली असताना त्यांनी मला तिच्यासमोर ठेवलं. "तो त्या दिवशी शौर्याने नाही गं धावला. मी धावायला लावलं. सवय मोडू का, म्हणून त्याने विचारलं होतं. मी नको म्हणून लिहिलं."

तिचे हात थांबले नाहीत. "मला आचाऱ्याचं बोलणं संपायच्या आधीच कळलं होतं. मलाही त्याने लिहिलं होतं, की मास्तरांना विचारलंय, ते म्हणतील तसं करेन."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. पहिल्या आठवड्यात बोलला असतात तर तुमच्या गळ्यात पडून रडले असते. चार वर्षं एकटी रडले, मास्तर."

मास्तर. सगळं गाव म्हणायचं तसं. पुढे तिने त्यांचं सगळं केलं, औषधाची वेळ कधी चुकवली नाही, पण तिच्या तोंडून बाबा हा शब्द पुन्हा आला नाही. शेवटच्या दुखण्यात ते म्हणायचे, "एकदा हाक मार गं." ती उशी सारखी करायची आणि म्हणायची, "पडून राहा." मी समोरच्या फळीवर होतो. माझ्याने ते बघवत नव्हतं.

मास्तर गेले. आता शर्यती भोंग्यावर सुटतात. मी मंडळात काचेच्या कपाटात आहे. शेजारी त्याचा फोटो आहे: बोटं रेषेवर, पाठ उचललेली, 'तयार' म्हटल्यानंतरचा. खाली पाटी, 'याच पिस्तुलाने आमच्या वीराला घडवलं.' लोक ती वाचून हळहळतात. लेक वर्षातून एकदा येते. पाटी वाचत नाही. पदराने काच पुसते, फक्त त्याच्या बाजूची.

बाबांनो, कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असेल त्याने माझं एवढं ऐकावं. मला भंगारात टाका, वितळवून खिळे करा, माझी हरकत नाही. फक्त त्याच्याजवळून हलवा. तो अजून माझ्याकडे कान लावून बसलाय.