लवूच्या मृत्युपत्राला साक्षीदार नाहीत

लग्नाची नोंद तुम्ही करू देत नाही आणि माणूस मेला की नात्याचा कागद मागता. हा हरामखोरपणा आहे, साहेब. सरळ आमच्या कानफटात मारली असती तर परवडलं असतं. तुम्ही आम्हाला लाज शिकवलीत. बाकीचं काम तिनं केलं.

मुलुंडचं घर लवूच्या नावावर. त्यात लवू आणि मेल्विन एकोणीस वर्षं राहिले. लवू कणकवलीकडचा, मेल्विन मरोळच्या गावठणातला. बिल्डिंगला सांगितलेलं काय, तर मेल्विन भाडेकरू.

लवूचं लिव्हर गेलं तेव्हा त्यानं उशीवर वही ठेवून स्वतःच्या हातानं मृत्युपत्र लिहिलं. घर मेल्विनला. अक्षर मोत्यासारखं. मग म्हणाला, ‘‘समोरच्या रत्नप्रभाताईंक आणि त्यांच्या किरणाक हाक मार. दोन साक्षीदार लागतत.’’

‘‘वेडा झालायस? वाचतील ते. उद्या वॉचमनलापण कळेल.’’

‘‘कळांदे मरे! आता काय आपला लगीन मोडतला?’’

लवू हसला, खोकला. मेल्विननं काही हाक मारली नाही. उद्या बघू म्हणाला. लवूनं एकट्यानंच सही केली आणि पुढच्या मंगळवारी तो गेला.

दहाव्याच्या दिवशी लवूच्या भावाचा, धोंडूचा, गावाहून फोन आला. बोलणं अगदी गोड. ‘‘तुम्ही आमच्या लवूचे भाडेकरू ना? महिनाअखेर खोली रिकामी केलात तर बरं होईल.’’

मेल्विन म्हणाला, ‘‘हो.’’

नुसतं हो. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचं तोंड आरशात बघवेना.

वहीचं पान घेऊन तो वकीलबाईंकडे गेला. रेवती, वय असेल तिशीचं. तिनं पान उलटंसुलटं केलं.

‘‘काका, साक्षीदार कुठेत?’’

‘‘सही त्याचीच आहे. मी ओळखतो ना.’’

‘‘तुम्ही ओळखून चालत नाही. दोघांच्या समोर व्हायला हवी होती, आणि त्या दोघांच्या सह्या खाली. हे असं कोर्टात टिकायचं नाही. घर भावाला जाणार.’’

‘‘पण मग आत काय लिहिलंय ते त्यांना कळलं असतं.’’

रेवतीनं पान टेबलावर ठेवलं. ‘‘कोणी सांगितलं? साक्षीदारानं फक्त सही होताना बघायची. वाचायचं नसतं. कागद दुमडून सहीपुरतीच जागा उघडी ठेवतात लोक.’’

मेल्विनचे कान तापले. आपण कोण आहोत याची लाज त्याला जन्मभर वाटली होती. आज पहिल्यांदा त्याला त्या लाजेची लाज वाटली. लवूचं शेवटचं मागणं त्यानं शेजारीण काय म्हणेल म्हणून टाळलं होतं.

घरी येऊन तो खोक्यांत कपडे भरू लागला. दार उघडंच होतं. रत्नप्रभाताई डबा घेऊन आल्या. महापालिकेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, तोंडानं फटकळ.

‘‘हे काय? कुठे चाललास?’’

सांगावं लागलं. मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं, हाक न मारल्याचंसुद्धा. ताईंनी डबा खोक्यावर आपटला.

‘‘दुसऱ्या मजल्यावरच्या पोरीनं पळून लग्न केलं, साक्षीदार कोण? मी. तिच्या बापानं वर्षभर शिव्या घातल्या मला. आणि तू मला घाबरलास?’’

‘‘ताई, तुम्हाला माहीत नव्हतं आमचं...’’

‘‘एकोणीस वर्षं दारं समोरासमोर आहेत रे! घरात एकच पलंग. लवू ॲडमिट होता तेव्हा तू जेवत नव्हतास, डबा कोण आणायचं? भाडेकरू म्हणे!’’

मेल्विन खोक्यातले कपडे सारखे करू लागला.

‘‘दोन पावलांवर होते मी. आत नको घेऊस, वाचायला नको देऊस, नुसती सही मागायचीस. खाली काय बघतोस? माझ्याकडे बघ आणि सांग. काय समजलास तू मला?’’