दहा अंकी मूळ संख्या

"हे आजोबा इथंच बसणार?" बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं.

"सासरे आहेत माझे. एकटं ठेवता येत नाही, आणि घरी आज कुणी नाही," सविता म्हणाली. सखारामांना तिनं भिंतीकडच्या खुर्चीत बसवलं आणि खडू उचलला.

पन्नाशी ओलांडलेली सविता बुऱ्हाणपूरजवळच्या लालबागच्या शाळेत गणित शिकवायची. तिचं बुऱ्हाणपूरच्या कॉलेजातलं एम.एस्सी. लग्नानंतर सुटलं होतं. सखाराम तेव्हा नेपानगरच्या कागद कारखान्यात होते. "आमची सून रोज बुऱ्हाणपूरला जाऊन येणार नाही," एवढंच ते म्हणाले होते, आणि विषय संपला होता. आता त्यांचं भान अधूनमधून सुटायचं. नवरा, सुनील, कामासाठी जळगावला गेलेला आणि नव्यानं धरलेल्या त्याच एम.एस्सी.च्या प्रबंधाची तोंडी परीक्षा नेमकी आजच.

तिनं फळ्यावर लिहिलं : २१४७४८३६४७.

"दोनचा एकतिसावा घात वजा एक. ही मूळ संख्या आहे. ते ठरवायला लहानमोठे सगळे भाजक तपासत बसावं लागत नाही. हिला मूळ भाजक असलाच, तर त्याला बासष्टनं भागून बाकी एकच उरायला हवी. त्यामुळं बहुतेक उमेदवार दारातूनच परत जातात."

"एकतीस मूळ, म्हणून ही मूळ. असंच ना?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम. तसं मानलं तर अकरालाच फसू." तिनं खाली लिहिलं : २०४७ = २३ × ८९. "अकरा मूळ आहे, पण ही संख्या फुटली. मात्र भाजकांचा नियम इथंही टिकतो. तेवीस घ्या, एकोणनव्वद घ्या, बावीसनं भागून बाकी एकच."

"नियम सिद्ध करा."

ती अर्ध्यावर आली असताना सखाराम उठून दाराकडे निघाले. "भोंगा झाला काय? शिफ्ट सुटली?"

सवितानं त्यांचा हात धरला. "अजून नाही, मामंजी. बसा."

"आपण थोडं थांबू या," बाई म्हणाल्या.

"गरज नाही." सासऱ्यांना बसवून ती फळ्याकडे वळली आणि सुटलेल्या ओळीपासून पुढं लिहू लागली. शेवटची ओळ झाल्यावर बाईंनी पुन्हा वरपासून सगळं वाचलं.

"प्रबंध मान्य आहे," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं कुठं होतात?"

"इथंच," सविता म्हणाली.

परतताना रिक्षात सखाराम बाहेरची दुकानं बघत होते. मग त्यांनी एकदम विचारलं, "झाली का पास?"

"झाली."

त्यांचे डोळे आता स्वच्छ होते. "मीच नाही म्हणलो व्हतो. नाही तं तवाच झालं असतं तुहं."

"हो. झालं असतं," सविता म्हणाली.

त्यांनी मान खाली घातली. रिक्षा वळली तसं ऊन त्यांच्या तोंडावर आलं. सवितानं रिक्षा थांबवायला सांगितली, ती खाली उतरली आणि त्यांना सावलीच्या बाजूला सरकवून स्वतः उन्हाकडे बसली.