दाताला कळू नये इतकी

खोलीत एक पलंग होता, त्यावर दोन गाद्या, दोन उशा आणि पिसांची दोन पांघरुणे. एक रंगवलेले लाकडी कपाट, आत अकरा हँगर. एक टेबल, एक खुर्ची, कोपऱ्यात उंचावर एक क्रूस. दोन खिडक्या, दोन्ही मागच्या अंगणाकडे. दाराशेजारी सहा खुंट्या, त्यातली एक सैल. मी पलंग मोजला. डोक्याकडच्या फळीपासून पायाकडच्या फळीपर्यंत एक मीटर अठ्ठ्याण्णव. माझा बाबा एक मीटर शहाऐंशी आहे.

"खोली भाड्यानं घेतेयस की विकत?" फ्राउ आइब्लनी दारातून विचारले. 'हिरवा मासा' हे हॉटेल आधी त्यांच्या सासऱ्यांचे होते, आता त्यांचे आहे.

"बाबासाठी आहे. जुन्या पलंगात त्याचे पाय अडकतात."

"काय करतात वडील?"

"काचेच्या कारखान्यात होता. भट्टीवर. आता निवृत्त."

"मग पलंग कशाला हवा? भट्टीवरची माणसं उभ्यानं झोपतात. माझा काका झोपायचा." त्यांनी सैल खुंटी हलवून पाहिली आणि तशीच सोडून दिली. "घेतेस ना?"

"त्याला सांगते आणि कळवते."

इथे, जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गमध्ये, मी पाच वर्षे पदार्थविज्ञान शिकले. बाबा राहतो चेक सीमेजवळच्या रानातल्या एका गावात. वाटेत प्लाटलिंगला एकदा गाडी बदलायची, की तीन तासांच्या आत माणूस इथे पोहोचतो. आई यायची, मुरंब्याच्या बरण्या घेऊन. बाबा पाच वर्षांत एकदाही आला नाही. आई जाऊन दोन हिवाळे झाले. आणि आता मला नॉर्वेच्या अगदी उत्तरेला नोकरी लागली होती, बर्फाची जाडी मोजायची. नोव्हेंबरपासून. माझी भाड्याची खोली मी ऑक्टोबरात सोडणार होते, त्यामुळे बाबाला ठेवायचे तर हॉटेलच पाहायला हवे होते. नऊ ऑक्टोबरला त्याच्या नावाच्या संताचा दिवस असतो. तेव्हा दोन रात्री त्याने इथे राहावे आणि मी जिथे राहिले ते शहर माझ्याबरोबर एकदा पाहावे, इतकेच मला हवे होते. नंतर ते कधी जमले असते, मला माहीत नाही.

फोनवर पहिल्यांदा विचारले तेव्हा तो नाही म्हणाला नाही. तो म्हणाला, "घंटा."

"कसल्या घंटा?"

"तिथे गल्लीगल्लीत चर्च आहे. रात्रभर ठणाणा. मला झोप लागायची नाही."

मला हे बरे वाटले. नकाराचे काही करता येत नाही, पण अट पुरी करता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅथीड्रलची घंटा वाजायच्या वेळी मी फ्राउ आइब्लना विचारून त्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि मोबाइलवर आवाज मोजला. खिडकी लावलेली असताना एकतीस डेसिबल.

"म्हणजे किती?" बाबाने विचारले.

"तुझ्या फ्रिजपेक्षा कमी."

"माझा फ्रिज ओरडतो."

"म्हणून तर सांगतेय."

"हं," तो म्हणाला. "आणि पलंग?"

त्याआधी आमचे फोन फार छोटे असत. रविवारी प्रार्थनेहून आला की मी फोन करायची. जेवलास का, लाकडे आली का, गुडघा कसा आहे, बरं, ठेवते. आई होती तेव्हा तीच बोलायची आणि मागून बाबाचे खोकणे ऐकू यायचे. आता दर रविवारी सांगायला माझ्याकडे एक आकडा असायचा, आणि त्याच्याकडे पुढची अट. पलंगाचे झाल्यावर जेवणाचे निघाले.

"तिथे बोटाएवढी सॉसेज देतात म्हणे. माणसानं बोटं खायची किती?"

"सहा घे, आठ घे, बारा घे. खाली आंबट कोबी असतो."

"कोबीत शहाजिरं घालतात?"

"घालतात."

"तुझी आई नाही घालायची."

"मग न घालता करायला सांगते."

"नको." मग म्हणाला, "घालू दे. आणि क्नोडेलचे गोळे? बटाट्याचे की पावाचे?"

"दोन्ही मिळतात, बाबा."

"दोन्ही मिळतात तिथे एकही धड नसतो."

मी फ्राउ आइब्लना जाऊन विचारले. त्यांनी कमरेवर हात ठेवले. "त्यांना सांग, माझ्या क्नोडेलला या गल्लीत कोणी नाव ठेवलेलं नाही. ज्यानं ठेवलं तो आता दुसऱ्या गल्लीत राहतो." मी ते वाक्य जसेच्या तसे बाबाला सांगितले. तो हसला. फोनवर त्याला हसताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकले. मग बुधवारी त्यानेच फोन केला. गादी घोड्याच्या केसांची आहे की स्पंजची, एवढे त्याला विचारायचे होते, पण आम्ही बोलता बोलता शेजारच्या कुत्र्यापर्यंत गेलो.

सप्टेंबरच्या शेवटी बिअरचे निघाले.

"बिअर थंड असणार तिथे."

"बिअर थंडच असते."

"माझ्या पोटाला चालत नाही, तुला ठाऊक आहे. आई नळी घालायची."

मला आठवली ती नळी. निकेलची, बोटाएवढी जाड, वर आकडा. तिच्यात उकळते पाणी भरून झाकण घट्ट लावायचे आणि ती मगाच्या काठाला अडकवून बिअरमध्ये सोडायची.

"मग घेऊन ये ती."

"सापडत नाही. दोन वर्षं चहाच पितोय."

फ्राउ आइब्लनी गल्ल्यामागचा खण ओढला. मगांची झाकणे, बूच काढायचे स्क्रू, एक तुटकी जपमाळ, आणि तळाशी नळी. "सासऱ्यांची. ती शेवटची वापरली त्यांनीच, आणि त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. तुझ्या वडिलांचं वय काय?"

"एकाहत्तर."

"एकाहत्तर! आणि मागण्या नव्वदीच्या." त्यांनी ती फडक्याने पुसली. "नाव काय म्हणालीस त्यांचं?"

"गुंथर."

"संत गुंथर रानात झोपडी बांधून एकटाच राहिला. माणसाला असलं नाव ठेवलं की त्याला हॉटेलात आणणं अवघडच."

मी नळीत पाणी भरून ती उलटी धरली. झाकणातून थेंब गळत होता, आतले रबर वाळून फुटले होते.

"बिअरमध्ये पाणी घातलं म्हणून मला तुरुंगात पाठवशील," फ्राउ आइब्ल म्हणाल्या.

प्रयोगशाळेतल्या एका ओळखीच्या माणसाकडून मी त्या मापाची रबरी चकती आणली. दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, आम्ही नळी वापरून पाहिली. तळघरातून आलेली बिअर सात अंशांवर होती. आठ मिनिटांनी नळी काढली तेव्हा सोळा.

"सोळा?" बाबा म्हणाला. "आई आकडा बघून नाही करायची."

"मग कसं करायची?"

"दाताला कळू नये इतकी कोमट."

"म्हणजे किती?"

"दाताला विचार."

मी विचारले. बारा अंशांना दाताला कळत होते, चौदाला जरासे, सोळाला नाही.

"सोळाच, बाबा."

"तुझा दात तेवीस वर्षांचा आहे."

"पंचवीस."

"तरी नवाच." मग म्हणाला, "सोळा चालेल."

"झालं तर मग. आता काही राहिलं नाही."

"काहीच नाही?"

"खोली, घंटा, पलंग, जेवण, बिअर. तिकीट पोस्टानं पाठवलंय. सगळं झालं."

त्याच्या स्वयंपाकघरातला फ्रिज ऐकू येत होता.

"टॉवेल?" त्याने विचारले.

"देतात, बाबा. सगळ्याच हॉटेलांत देतात."

"हो. देतच असतील."

"आणि फलाटावर अगदी पुढे उभा राहा. आडोशाला बसू नकोस. हात कर."

आमच्या गावच्या थांब्यावर गाडी आपणहून थांबत नाही. चालकाला फलाटावर माणूस दिसला तरच ती थांबते, नाहीतर सरळ पुढे जाते.

"मला शिकवतेस? तू जन्मायच्या आधीपासून मी त्या गाडीला हात करतोय."

नऊ तारखेला मी सकाळीच 'हिरवा मासा'त सामान आणून टाकले. तिथे माझी खोली लहान, वरच्या मजल्यावर होती. बाबाच्या खोलीत जाऊन खिडकी उघडली, पुन्हा लावली. सैल खुंटी कोणीतरी घट्ट केली होती. खाली फ्राउ आइब्लनी चुलीजवळचे टेबल दोघांसाठी राखून ठेवले होते आणि त्यावर लाकडी पाटी उभी केली होती. पाटीवर खडूने त्यांनी 'गुंथर' लिहिले होते.

"लवकर जा स्टेशनवर," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं वाटेत असाल तेवढ्यात मी नळी घालून ठेवते. आल्याआल्या मग हातात. रानातला माणूस एकदा खूश झाला की झाला."

संध्याकाळी प्लाटलिंगची गाडी वेळेवर आली. डबे चार होते, मी मधोमध उभी राहिले, म्हणजे दोन्हीकडची दारे दिसतील. विद्यार्थी उतरले, सायकलवाले उतरले, हॅट घातलेले एक म्हातारे गृहस्थ उतरले आणि मी दोन पावले पुढे गेले. तो बाबा नव्हता. गाडी रिकामी झाली. मी घरी फोन लावला, कोणी उचलला नाही. मला वाटले, प्लाटलिंगला त्याची गाडी चुकली असेल. पुढच्या गाडीपर्यंत थांबले. तीही आली.

परत चालत आले तेव्हा फ्राउ आइब्ल दाराकडेच बघत होत्या. त्यांनी माझ्या मागे पाहिले, मग माझ्याकडे, आणि सूप आणू का म्हणून विचारले. मी नको म्हणाले. टेबलावर मग होता, काठाला नळीचा आकडा. त्यांनी ठरल्या वेळी घातली होती आणि नंतर काढायची राहून गेली होती. मी समोरच्या खुर्चीवर बसले. शेजारच्या टेबलावर चार माणसे पत्ते खेळत होती, त्यांतला एक सारखा हरत होता आणि दुसरे त्याला घरी बायकोकडून पैसे आणायला सांगत होते.

गल्ल्यावरचा फोन वाजला. "आफ्रा," फ्राउ आइब्लनी रिसीव्हर वर धरला. "तुझा."

"मी आहे," बाबा म्हणाला.

"कुठून बोलतोयस?"

"घरून. आत्ताच आलो. चूल पेटवली."

"गाडी चुकली?"

"नाही. वेळेत गेलो होतो. शेजारच्या क्सावरनं सोडलं मोटारीनं. बॅग होती, हॅट होती." तो खोकला. "आडोशाला बसलो. गाडी आली. मी हात नाही केला."

मी चुलीजवळच्या टेबलावरच्या पाटीकडे पाहिले.

"तिनं जरा वेग कमी केला, मला वाटतं. मग गेली. पुढच्या गाडीला तरी करू म्हणून बसून राहिलो. तीही गेली. मग रात्र होईपर्यंत तिथेच होतो."

"का, बाबा?"

"दोन दिवस आपण बोललो काय असतो, आफ्रा?"

"पाच आठवडे बोललोच की."

"ते फोनवर." आणि मग, "तुझं सगळं जमून आलं होतं. मला विचारायला काही राहिलं नव्हतं."

पत्त्यांच्या टेबलावर कोणीतरी जोराने हसले. मी रिसीव्हर कानाला घट्ट धरला.

"उद्या सकाळचीही गाडी आहे," मी म्हणाले.

"हो, असते."

"येशील?"

"क्सावर उद्या लाकडं घेऊन येणार आहे." मग त्याने विचारले, "खोली कशी आहे?"

त्याला ठाऊक होते. तरी मी सांगितले. खिडक्या अंगणाकडे आहेत, अंगणात अक्रोडाचे झाड आहे, कोणीतरी सैल खुंटी ठोकून दिली आहे, गादी घोड्याच्या केसांची आहे. तो प्रत्येकाला हं म्हणत होता. गल्ल्याच्या पलीकडे फ्राउ आइब्ल एकच ग्लास पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

"आणि घंटा?"

"आत्ता वाजतेय. ऐक." मी रिसीव्हर दाराच्या दिशेने धरला, मग परत कानाला लावला.

"नाही आली ऐकू," तो म्हणाला.

"म्हणजे बरोबर आहे."

"हं. बिअर आणलीय का त्यांनी?"

"आणलीय. तुझ्या जागेसमोर आहे."

"नळी घातलीय?"

"घातलीय."

"मग किती आहे?"

"थांब."

मी रिसीव्हर गल्ल्यावर आडवा ठेवला. टेबलावरून मग उचलून आणला, सांडू न देता. नळी काढून फडक्यावर ठेवली, ती केव्हाच निवली होती. पिशवीतून थर्मामीटर काढला, पुसला, मगात अर्ध्यापर्यंत सोडला आणि आकडा हलायचा थांबेपर्यंत वाट पाहिली. मग रिसीव्हर उचलला.

"एकोणीस पूर्णांक दोन," मी म्हणाले.