तिसऱ्या ओळीखालची रेघ

मी तीन पानांचा आराखडा बोलतोय. माझ्यासारख्यांवरून मुलींच्या साहसकथा लिहिल्या जातात. लिहिणारी एक, मुखपृष्ठावरचं नाव दुसऱ्याच बाईचं, आणि ती बाई तर जन्मालाच आलेली नाही! काम झालं की आम्हाला न्यूयॉर्कच्या कचेरीत परत पाठवायचं, असा नियम. सध्या मी तिथल्याच लोखंडी कपाटात आहे.

माझ्या तिसऱ्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे. कचेरीतल्या साहेबांना संशय आहे, मला कुणीतरी परक्याने वाचलंय. संशय खरा आहे. पण हे तुमच्यापाशीच ठेवा.

१९२७च्या मार्चमध्ये टंकयंत्रावर माझा जन्म झाला. नायिका डेला, वय सोळा. वडील बोटीवर कप्तान. तिसरी ओळ : ‘आई लहानपणीच वारलेली.’ पुढे पंचवीस प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी डेला संकटात.

टपालाने मी ओहायोत हेस्टर क्रोल यांच्याकडे गेलो. बाई पदवीधर. नवऱ्याचा कारखाना बंद, घर या लिखाणावरच चाललेलं. आपण काय लिहितो ते कुणालाही, अगदी घरच्या मुलांनाही सांगायचं नाही, अशा कागदावर त्यांची सही होती. फुटलं तर काम गेलं.

त्यांची झोप उडवली होती ती आठ वर्षांच्या लेकीने, विल्माने. आईनेच लिहिलेली डेलाची आधीची पुस्तकं वाचून पोरगी घरातच हेरगिरी करायला लागली होती. बाई स्वयंपाकघराचं दार लावून लिहायच्या. “आत येऊ नकोस, विल्मा!” हे दिवसातून दहा वेळा. बाहेर पावलं वाजली की मी पिठाच्या डब्याखाली.

“शूर मुलींच्या गोष्टी लिहिते,” त्या स्वतःशीच पुटपुटायच्या, “आणि भिते कुणाला, तर माझ्याच पोरीला.”

एका शनिवारी त्या वाळलेले कपडे घेऊन आत आल्या, तर टेबलाशी विल्मा. पुढ्यात मी, पिठाने माखलेला. तिच्या हातात पेन्सिल.

“ठेव ते! शिवणाचे नमुने आहेत.”

“आई, तू आजवर एक तरी झगा शिवलायस का?”

“कापड महाग झालंय.”

“डेलाचा कुत्रा ढग गडगडले की न्हाणीच्या टबात जाऊन बसतो. आपला बस्टर कुठे बसतो?”

बाई कपड्यांसकट खुर्चीत बसल्या. पंचवीस संकटांतून सुटायची युक्ती माझ्यावर लिहिलेली होती. या एकातून सुटायची नव्हती.

“विल्मा, हे शाळेत कुणाला...”

“नाही सांगणार. मला केव्हाचं माहितीये. मी दुसरंच शोधतेय.”

तिने तिसऱ्या ओळीखाली सावकाश रेघ ओढली. खोडरबर शेजारीच होता, तरी बाईंनी ती रेघ कधी खोडली नाही. आठवणीसाठी ठेवली असणार, असं मला वाटतं. कारण पेन्सिल खाली ठेवून विल्मा म्हणाली,

“हिची आई तू मारून का टाकलीस? तुला आम्हाला सोडून कुठे जायचंय का?”